कुंकू लागलेलं पुस्तक

लष्कर, ग्वाल्हेर
३ फेब्रुवारी २०२५

ती. उषाताईंना,
विमलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं वाचवत नाही, म्हणून हे ठळक अक्षरांतलं पत्र. तुमच्या भावाचं दुखणं होतं तसंच आहे. अंगात रक्त तयार होत नाही, आणि चढवलेलं फार दिवस पुरत नाही. रक्तपेढी बाटली देते, पण बदल्यात आपल्याकडच्या कोणीतरी रक्त द्यावं लागतं. गट कोणताही चालतो, माणूस निरोगी हवा. मी इन्सुलिनवर, माझं घेत नाहीत. आमची अंतरा बंगळुरूहून येऊन देऊन गेली, आता काही महिने तिला पुन्हा देता येणार नाही. आणि ह्यांनी मला बजावून ठेवलंय की कोणाकडे मागायचं नाही. सरदारकी गेली, ताठा तेवढा राहिला. संग्रामसिंह, शेजारची सोनिका असे कोणी कोणी आपणहून देऊन आले, म्हणून आजवर निभावलं.

आता तुमचा कौल हवा आहे. अंतरानं ह्यांच्या वाढदिवसाला एक इंग्रजी पुस्तक पाठवलं. जुन्या कादंबरीच्या मोजक्याच प्रती नव्यानं काढल्यात म्हणे. लाल कापडी बांधणी, सोनेरी वेलबुट्टी, पानांच्या कडा काळ्या, वर पुठ्ठ्याची पेटी. मला इंग्रजी येत नाही. एवढं नटवलेलं लाल पुस्तक म्हणजे पोथीच, असं समजून मी ते देवघरात ठेवलं आणि हळदकुंकू वाहिलं. हे दवाखान्यातून आले आणि खोकला लागेपर्यंत हसले. ती निघाली माणसांचं रक्त पिणाऱ्या एका सरदाराची गोष्ट.

तेव्हापासून येईल त्याच्यासमोर पुस्तक घेऊन बसतात. कुंकवाचा डाग दाखवतात, माझी फजिती सांगतात, मग गोष्ट सुरू करतात आणि त्यातल्या आजारी मुलीपाशी आले की गप्प होतात. समोरच्याचा चहा निवून जातो. मला तर वाटतं, ते पुस्तकच ह्यांना पितंय. हसू नका. घरात ठेववत नाही, आणि पूजा झालेली वस्तू रद्दीत तरी कशी घालू? सागरतालला विसर्जन करावं म्हणते. तुम्ही थोरल्या, तुम्ही हो म्हणा.

फार घाबरले आहे, ताई. तुमच्या मायेची सावली असू द्या.

तुमची,
विमल


नागपूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. विमलला,
उषाचे अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले. राक्षसाला हळदकुंकू वाहावं ते तूच. मग पुन्हा वाचलं आणि हसू पळालं. पुस्तक अजिबात बुडवू नकोस.

ती गोष्ट नानानं शाळेत असताना मला सांगितली होती. मी थोरली असून घाबरायचे, आणि तो दाराला पाठ लावून बसायचा. आजारी मुलीपाशी तो गप्प होतो म्हणतेस, तिथं पुढे काय होतं ऐक. तिचं रक्त संपत येतं, आणि तिच्यावर जीव असलेले एकेक जण पुढे होऊन आपलं रक्त तिला देतात. कोणाला विनवण्या कराव्या लागत नाहीत. आता आठवून बघ, संग्रामसिंह कधी देऊन आले? सोनिका कधी? पुस्तक बघून गेल्यानंतरच ना? अगं वेडे, तो मागतोय. त्याला एवढंच मागता येतं.

मी इथल्या रक्तपेढीत जाऊन आले. वय झालं म्हणून घेत नाहीत. मी भांडले, पाणी देऊन घरी पाठवलं. सख्ख्या भावासाठी रक्त द्यायला निघावं आणि कोणी घेऊ नये, याचा मला संताप येतो. रडूही येतं.

आणि भीती सोड. त्या सरदाराला घरातल्या कोणी 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. तू बोलावलं होतंस का त्याला?

नानाच्या डोक्यावरून माझ्या वतीनं हात फिरव. मला विसरू नका.

तुझी,
उषाताई


लष्कर, ग्वाल्हेर
१४ फेब्रुवारी २०२५

ती. उषाताईंना,
विमलचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं, पण उशिरा. त्याच्या आदल्या दिवशी रिपोर्ट फार वाईट आला. हे झोपलेले पाहून मी ऑटो केली आणि सागरतालला गेले. फूल वाहिलं, नारळ ठेवला, पुस्तक सोडलं. पेटीसकट ते बुडेना. मी काठीनं दाबून धरलं, ताई.

त्याच संध्याकाळी ह्यांच्या ऑफिसातले जुने सोबती दिग्विजयसिंह पहिल्यांदाच भेटायला आले. ह्यांनी मला पुस्तक आणायला सांगितलं. मी खरं ते सांगून टाकलं. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसते भिंतीकडे वळले. दिग्विजयसिंह थंडीचं बोलत चहा प्यायले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र वाचलं आणि तशीच नई सडकवर संग्रामसिंहांच्या दुकानात गेले. ते म्हणाले की नानांनी एका शब्दानं मागितलं नाही. गोष्ट अर्धी राहिली म्हणून त्यांना चैन पडेना, घरी जाऊन नातीला ती मोबाइलवर शोधायला लावली. पुढचं ऐकलं आणि सकाळी उठून रक्त देऊन आले. दुकानातून घरी कशी पोचले ते मला आठवत नाही.

परवा बाटली चढवायची आहे आणि बदल्यात द्यायला कोणी नाही. आज मी ह्यांची आज्ञा मोडली. दारात उभी राहिले आणि दूधवाला, सराफ्यातले कारागीर, शिकवणीला निघालेल्या मुली, ज्याला त्याला 'या' म्हटलं. बरेच जण घाईत होते. जे आले त्यांना ह्यांच्या खाटेशी बसवून तुमच्या पत्रातली गोष्ट सांगितली. आजारी मुलीपाशी आल्यावर मला काही गप्प राहता आलं नाही. मी सरळ पदर पसरला.

हे डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, आता गप्प बसवतील. पण एवढंच म्हणाले की सरदाराचा किल्ला डोंगरावर होता, ते सांगायचं राहिलं. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी पदरानं पुसलं आणि किल्ला डोंगरावर होता म्हणून पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं.

अजून कोणी हो म्हटलेलं नाही. दूधवाला घरी विचारून सांगणार आहे. बोलावल्याशिवाय राक्षससुद्धा आत येत नाही म्हणता, मग माणसं तरी कशी यावीत? उद्या उजाडलं की मी पुन्हा दारात उभी राहीन.

पत्र पोचेल तेव्हा काय झालं असेल ते माहीत नाही. तोवर आम्हा दोघांना मनात धरून ठेवा.

तुमची,
विमल