गाडीच्या कपाळावर ओली पट्टी

प्रिय भाऊजी,

परवा सकाळी भांडी घासून झाली, कपडे वाळत पडले, दूध उतू गेलेली शेगडीही पुसून झाली, आणि बघते तर पुढे अख्खा दिवस रिकामा. (नमस्कार लिहायचा राहिला, तो इथं घ्या. मी बरी आहे, कंबर सोडून. तुमचा गुडघा आणि जाऊबाईंचा खोकला, दोघांत जास्त आवाज कोणाचा, ते कळवा.) तुमचे भाऊ गेल्यापासून अशा सकाळी पुष्कळ येतात. म्हणून फडकं घेऊन त्यांची गाडी पुसायला गेले. रविवारी तुम्ही गिऱ्हाईक आणणार, निदान धूळ तरी नको. स्टिअरिंगपुढची, वेगाच्या काट्यावरची काच पुसताना एक काळी चिकटपट्टी सुटून हातात आली. किल्ली फिरवून बघितलं, तर तिच्याखाली इंजिनात बिघाड असल्याचं सांगणारा पिवळा दिवा! दिव्याची कटकट नको म्हणून ह्यांनी दिवाच झाकला होता. छातीत दुखायचं तेव्हाही ‘गॅस आहे’ म्हणून असंच झाकलं. मी तिथंच बसून थोडी रडले, मग थोडी हसले, मग पुस्तक काढलं.

तुम्ही म्हणाला होतात, इंजिन संपलंय, भंगारात गेली तरी नशीब. गाडी गरम झाली की बंद पडते आणि गार झाली की काही घडलंच नाही अशी सुरू होते, हे खरं. (तुमच्या घराण्यातल्या पुरुषांचा रागही असाच.) पण गाडीच्या दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक कपाटात होतं, ते मी पहिल्या पानापासून वाचलं. कादंबरीपेक्षा बरं, निदान प्रत्येक दुःखावर त्यात उपाय दिलेला असतो. गाडीत सेन्सर असतात, म्हणजे आतल्या चहाड्या सांगणारे छोटे हेर. गरम झाल्यावर बंद पडते, म्हणजे तापमानाचाच हेर फितूर, असं मी छातीठोकपणे ठरवलं आणि नवा आणून बसवायला घेतला. ‘थोडं पाणी सांडू शकेल,’ असं पुस्तकात होतं. लिहिणाऱ्याच्या अंगावर ते सांडलेलं नसावं. शेजारचे शिंपीकाका टॉर्च धरायला आले होते. त्यांनी ती माझ्या तोंडावर धरली, कुंपणावर धरली, मांजरावर धरली. “वहिनी, गाडी दुरुस्त करताय की न्हाऊ घालताय?” म्हणाले. मी म्हटलं, “तुम्ही आधी उजेड कुठं पाडायचा ते बघा.”

एवढं करून गाडी अंगणात उभ्याउभ्या गरम झाली आणि पुन्हा बंद. मग पुढचं प्रकरण वाचलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथं, अगदी अडचणीत, इंजिन फिरतंय की नाही हे सांगणारा दुसरा सेन्सर असतो. त्याला ताप चढला की त्याची वाचा बसते आणि गाडी समजते, आपण थांबलोच आहोत. खात्री करायला मी तापकऱ्याच्या कपाळावर ठेवतात तशी ओली पट्टी त्याच्यावर ठेवली. (कोपर भाजलं.) किल्ली फिरवली आणि गाडी लगेच सुरू!

काल नवा सेन्सर आणला. बॅटरीची वायर सोडवली, जुन्याचा प्लग काढला, एकच बोल्ट होता तो खोलला, आणि तो हातातून निसटून इंजिनाच्या पोटात गडप. काकांनी घरून टाचण्या वेचायचं लोहचुंबक आणून दोरीला बांधलं आणि विहिरीतून बादली काढावी तसा तो वर काढला. तेवढ्या वेळापुरती टॉर्च मी धरली. नवा सेन्सर बसवून वायर जोडली, आणि नंतर वरण शिजून, जेवण होऊन, भांडी घासून होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. बंद पडलं नाही.

जाऊबाईंना आठवण.

तुमची,
वहिनी

ता. क. गिऱ्हाइकाला आणू नका. गाडी द्यायची नाही. संपलीय असं वाटलं होतं, तेव्हा मी हो म्हणाले होते.

ता. क. दुसरा. तुम्ही मात्र या. लायसन्स माझ्याकडे आहे, पण मी चालवायला बसले की हे शेजारून हँडब्रेक धरून बसायचे, म्हणून मी नाद सोडला. तुम्ही शेजारी बसा, हात मांडीवर आणि तोंड मिटून.

ता. क. तिसरा. हे दुसऱ्या दिवशी लिहीत आहे. रविवारपर्यंत धीर निघाला नाही. आज सकाळी एकटीनं गाडी काढली आणि पत्र टाकायला पोस्टापर्यंत चालवत आले. दुसऱ्या गिअरमध्येच आले, पण आले.