दादाच्या होडीची कडी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा शिडाच्या होड्यांना कड्या-कुलपे बसवण्याचा, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. बायको म्हणते, तिला विचारले असते तर तिने दिला नसता.

१. राहते घर व बँकेतली ठेव बायकोची. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा शब्द काढू नये.

२. हत्यारे मुलीला. हातड्रिल नऊ वर्षे शेजारच्या शिडे शिवणाऱ्याकडे आहे. ते आजपासून त्याचेच. मला पाहून रस्ता बदलण्याचे कष्ट तरी वाचतील.

३. होडी. हे कलम लांबेल.

होडी मूळची थोरल्या भावाची, दादाची. केबिनमध्ये उतरायच्या जिन्यावर सरकते झाकण आहे. बावीस वर्षांपूर्वी त्याला बाहेरून कडी-कोयंडा मी बसवला. कडी वर धरून ठेवणारी खिट्टी तेव्हा माझ्याकडे संपली होती. "पुढच्या आठवड्यात लावतो," म्हणालो. त्याआधीच दादा-वहिनी होडी घेऊन निघाले. वहिनी खाली चहा करत होती. पाणी उडू लागले म्हणून दादाने झाकण ओढून घेतले. आत स्टोव्ह कलंडला. वहिनी झाकण ढकलते, तर वर कडी कोयंड्यात पडलेली. वाऱ्यात तिच्या हाका दादाला उशिरा ऐकू आल्या. ती वाचली, पण धुराने छाती कायमची गेली. पुढची अकरा वर्षे धापा टाकत जगली.

"सवयीने कडी मीच लावली असणार," दादा सगळ्यांना सांगायचा. होडी त्याने मला देऊन टाकली.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मी ते झाकण दहा वेळा ओढून पाहिले होते. आठ वेळा कडी आपोआप पडली. मी खिट्टी लावली, स्क्रू आवळले आणि तोंडाला कुलूप घातले. त्यानंतर आतून न उघडणारी कडी मी एकाही होडीला लावली नाही. लोक त्याचे कौतुक करतात. वहिनीही करायची.

होडी दादाला परत द्यावी आणि हे कलम माझ्यामागे त्याला वाचून दाखवावे, असे मी आधी लिहिले होते. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मागे कशाला? ते आहेत ना अजून?"

काल दादाकडे जाऊन मीच वाचले.

"दहातल्या आठ वेळा?" त्याने विचारले.

"हो."

"तिला ठाऊक होतं?"

"नाही."

तो उठून आत गेला. बराच वेळ नळ वाहत होता. मी चपला न काढता दारात उभा होतो. बाहेर आला तेव्हा त्याने चष्मा लावला होता.

"साक्षीदार ठरलेत?"

"एक ठरलाय. पण दादा, साक्षीदाराला यातलं काही घेता येत नाही. होडी जाईल."

"होडी नको मला. हे लिहिलंयस, त्याला साक्षीदार मी. उद्या किती वाजता येऊ?"

माफ केले की नाही, ते तो बोलला नाही. मी विचारले नाही.

सबब होडी दादाच्या मुलीला.

वरील सर्व मी दोघा साक्षीदारांसमोर वाचून सही केली. त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या.

ठिकाण: माझी कामाची खोली
तारीख: चौदा नोव्हेंबर, सकाळी दहा

लिहून ठेवणार: (सही) कुलूपवाला
साक्षीदार: (सही) दाखला देणारे डॉक्टर
साक्षीदार: (सही) थोरला भाऊ