खाडीत राहिलेली

४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
आजीचे अ. उ. आ. वि. वि.

तुझा फोटो पोचला. होडीत उभी राहून तू त्या बाटलीतोंड्या डॉल्फिनांवर नेम धरलायस, तो शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवला. तिला वाटलं, नात शिकारी झाली! मी सांगितलं, अगं, पोकळ बाणानं वाटाण्याएवढी कातडी काढून आणते नि त्यावरून कोण कोणाच्या घरचं ते ओळखते. नीट सांगता आलं नाही, पण तोरा पुरेपूर मिरवून घेतला.

तुझी आई आहे तशीच. तुझे बाबा गेल्यापासून जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की आडवी होते. परवा उकळतं दूध सांडशीशिवाय उतरवलं, तळहात लाल झाला तरी ढिम्म. म्हणून मी तिच्या दंडाला कचकचून चिमटा काढला, तर मला काही हवंय का, असं शांतपणे विचारलं तिनं.

मामा पुढच्या आठवड्यात तिला कायमची न्यायला गाडी घेऊन येतोय. ती चालेल म्हणाली. इथंच राहतेस का विचारलं, तर तेही चालेल. मला ती हवी आहे गं. पण मुलगाच राहिला नाही, तर सुनेला कुठल्या तोंडानं थांबवू? तुझ्या त्या माशांत (मासे नाहीत म्हणतेस, असू दे) असतात का सुना? कळव.

पाण्यात फार भिजू नकोस. लोभ आहेच, तो तिकडे समुद्रात सांडू नकोस.

तुझी,
आजी

९ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

काम चालू आहे. तू शेजारणीला सांगितलंस ते बरोबरच आहे. कातडीच्या त्या कणात आई, आजी, पणजीची खूण उतरलेली असते. खाडीतल्यांची एक, बाहेरच्या किनाऱ्यावरच्यांची दुसरी. भरतीला खाडीच्या तोंडाशी दोघे एकाच मासळीमागे लागतात, तरी सोयरीक जवळजवळ नाही. म्हणून खाडीतला एखादा गेला, तर बाहेरून कोणी येऊन त्याची जागा भरत नाही. एवढं अहवालात लिहिलं आणि जेवायला गेले. बाबा आठवतात, पण आत काही हलत नाही. आईचं मला कळतं.

एक मात्र वेगळी निघाली. तिच्या पाठीवरच्या पराला खाच आहे, म्हणून ती खाचवाली. खूण किनाऱ्याची, पण राहते खाडीत. तिची पिल्लं आता दिसत नाहीत, तरी ती परत बाहेर गेली नाही. का, ते कातडीवरून कळत नाही. बाण लागला तेव्हा ती दचकलीसुद्धा नाही. मला वाटलं, तिला लागलंच नाही. पण तेव्हापासून आमच्या होडीजवळ येत नाही.

मी लिहिलं नाही तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
टिटवी

१७ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ. वि. वि.

अगं, डॉल्फिनांतही सून निघाली म्हणून मी पत्र घरभर वाचत सुटले! तुझी आई भांडी पुसत होती. होडीजवळ येत नाही, तेवढंच पुन्हा वाचायला लावलं तिनं.

काल मामा आला. बॅग दाराशी, गाडी फाटकाशी, नि ही पायरीवरून म्हणाली की नाही, मी येत नाही. त्यानं कारण विचारलं, तर म्हणे कारण नाही. गाल फुगवून चहा प्यायला बिचारा. गाडी रिकामी कशाला जावी म्हणून मी मोडकं स्टूल दुरुस्तीला दिलं बरोबर.

तो गेल्यावर ही नेलकटर घेऊन माझ्यासमोर बसली. म्हणाली, त्या दिवशीचा चिमटा फार लागला होता, तुमची नखं वाढलीयत. दंड उघडा करून दाखवला, अजून हिरवानिळा आहे. मग एकेक बोट धरून कापत बसली. तुझ्या बाबाची नखं अशीच जाड होती म्हणाली, नि माझ्या हातावर टपटप पाणी पडायला लागलं. डोळे भरल्यावर दिसतंय कुठं, अंगठ्याचं नख पार आत कापलंय. म्हणून हे अक्षर वाकडं.

ठणकतंय चांगलंच. मी ओरडले नाही, थांबली असती ती.

तूही ये एकदा, नखं वाढवून. आमचा दोघींचा लोभ आहे, तो घ्यायला तरी ये.

तुझी,
आजी