आवाज येतोय का?

१४ मे, बुधवार
पोहोचलो एकदाचा! गुलाबतोडणीचे दिवस, त्यामुळे सकाळी दहापर्यंत गावात कुत्रंही भेटत नाही. सगळे फुलांच्या ओळींत. बस थांब्यावर मला घ्यायला सभागृहाच्या सेक्रेटरी देस्पिनाबाई आल्या होत्या. हातात चीज भरलेली गरम बानित्सा, बोटं तेलकट, म्हणून हात मिळवायला कोपर पुढे केलं. मला तिथंच गाव आवडलं.

त्यांनी चालता चालता सगळं सांगून टाकलं. चोवीस मेला, अक्षरदिनी, सिनेमागृह पुन्हा उघडायचं. आधी शाळेचा कार्यक्रम, चार वाजता सिनेमा. त्या दिवशी आवाज लागला नाही तर नगरपालिका हॉल गुलाबतेलवाल्यांना गोदामासाठी देणार. मी म्हटलं, आवाजाचं माझ्यावर सोडा. डावा कान हिवाळ्यापासून मेलाय, हे मात्र सांगितलं नाही. सोफियातली नोकरी त्यापायीच गेली. उजवा दोघांचं काम करतो, आणि देस्पिनाबाई नशिबानं उजवीकडून चालत होत्या. हेही हातचं गेलं तर पुन्हा बहिणीच्या स्वयंपाकघरातली घडीची खाट आणि मेव्हण्याचे उसासे. पन्नाशीत ते सोसवत नाही.

सिनेमागृहाच्या दारावर आधीच्या मिस्त्रीच्या निधनवार्तेचा कागद चिकटवलाय: कांचो देलिबाल्तोव्ह, १५ एप्रिल. फोटोत माणूस मान कलती करून बघतोय, काही ऐकल्यासारखा. त्याची बायको झ्लातिना तिकीटखिडकीवर बसते. मला तिनं नीट बघून घेतलं आणि म्हणाली, “बारीक आहात, मिस्त्री. तो जाड होता.”

१५ मे, गुरुवार
आज वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीतलं यंत्राचं कपाट उघडलं. अॅम्प्लिफायर माझ्या वयाचा, व्हॉल्ववाला. खाली पॉवर सप्लाय, पाचशे व्होल्टचा, आणि तोच मेलेला. फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार! आपल्याकडे प्रत्येक घरात हेच: फ्यूज उडाला की तार घाला आणि देवाला नमस्कार करा. तार काढून खरा फ्यूज बसवला, उडाला. अॅम्प्लिफायर सोडवून पुन्हा फ्यूज लावला, तरी उडाला. म्हणजे दोष सप्लायच्याच पोटात. एक कंडेन्सर फुगलेला सापडला, तो बदलला.

बंद केल्यावर कंडेन्सरमधली वीज उतरावी म्हणून तिथं एक रेझिस्टन्स असतो. कांचोनं तो कापून टाकलाय, तापत असणार. नवा सोमवारी, सव्वीसला येईल. तोवर दांडीवर काम: लाकडी काठी, टोकाला तांब्याचा आकडा, त्याची तार कपाटाच्या सांगाड्याला. आकडा टेकवला की चट्ट! ठिणगी आणि आवाज, दोन्ही. चट्ट ऐकल्याशिवाय आत हात घालायचा नाही. आणि घालायचा तो एकच, दुसरा खिशात; दोन्ही टेकले तर वीज छातीतून जाते. माझ्या उस्तादानं हे मला थपडा मारून शिकवलंय.

कपाटाच्या लोखंडी दारावर कुणीतरी पेन्सिलनं लिहिलंय, “आवाज येतोय का?” सात-आठ वेळा, दोन वेगळ्या अक्षरांत. हसू आलं. आम्हा लोकांचा जन्म हा एक प्रश्न विचारण्यातच जातो.

१६ मे, शुक्रवार
चालू झाला! चाचणीचा सिनेमा लावला, देस्पिनाबाईंनी खालून टाळ्या वाजवल्या. बरोबर चार वाजता सप्लाय गेला. मी मेन बटण पाडलं, दिवे विझले, पंखाही थांबला. सगळं बंद असताना कुणीतरी विचारलं, “आवाज येतोय का?”

झ्लातिनाबाई खालून ओरडल्या असतील असं वाटलं. मी “हो, हो, येतोय” म्हणालो. वाकून बघितलं तर हॉल रिकामा. देस्पिनाबाई दारापाशी किल्ल्या शोधत होत्या.

रात्रीच्या ताकाच्या सूपबरोबर लक्षात आलं: ते मी डाव्या कानानं ऐकलं.

१७ मे, शनिवार
कान परत येतोय, असंच धरून चालतो. डॉक्टर म्हणाला होता, कधी कधी येतो.

आज तासभर दोष सापडेना. मग डावीकडून आवाज, शांत, जवळचा: खालचा जोड बघ, टाका सुटलाय. बघितलं. सुटलेला होता. सोल्डरचा टाका दिला, सप्लाय पाच तास चालला. भीती वाटायला हवी होती. खरं सांगतो, आनंद झाला.

१९ मे, सोमवार
पुन्हा चारला गेला. पुन्हा त्यानं सांगितलं, पुन्हा बरोबर निघालं. माझ्यापेक्षा चांगला मिस्त्री आहे तो, कबूल करतो.

बाजारात भाजीवाली काय म्हणाली ते तीनदा विचारावं लागलं. ती म्हणाली, आजोबा, कान तपासा. मी आणि आजोबा!

२० मे, मंगळवार
बटण पाडलं, दांडी टेकवली. ठिणगी दिसली, मोठी, निळी.

चट्ट ऐकू आलं नाही.

पुन्हा चालू केलं, पुन्हा पाडलं, पुन्हा टेकवली. ठिणगी. आवाज नाही. उजव्या कानाशी बोटं वाजवली तर कुठं तरी भिंतीपलीकडे वाजल्यासारखं. डावीकडे मात्र स्वच्छ, “आवाज येतोय का? आवाज येतोय का?”

अरे, मला विचारू नकोस. मला विचारू नकोस.

२१ मे, बुधवार
झ्लातिनाबाईंना सांगितलं. दुसरं कुणाला सांगणार? देस्पिनाबाईंना कळलं तर संध्याकाळच्या बसनं परत पाठवतील. ऐकू येत नाही म्हणून ही वहीच त्यांच्यापुढे ठेवली, त्यांनी उत्तरं लिहिली. कांचोही शेवटच्या आठवड्यात ठार बहिरा झाला होता. त्यालाही कुणीतरी कानात दुरुस्त्या सांगत होतं. मेला तो भर सिनेमात, कपाटापुढे उभ्या उभ्या. एका हातातल्या पक्कडीनं सुटलेला जोड दाबून धरलेला. दुसरा हात लोखंडी दारावर, बोटांत पेन्सिल. आवाज शेवटपर्यंत नीट चालला, म्हणून दिवे लागेपर्यंत कुणाला कळलंच नाही.

शेवटी त्यांनी लिहिलं, “त्यानं विचारल्यावर उत्तर दिलंत?”

मी ‘हो’ म्हणून मान हलवली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि खांद्यावरची शाल घट्ट केली. मग पुन्हा उचलून लिहिलं, “उत्तर द्यायचं नसतं. त्यानंही दिलं होतं.”

२२ मे, गुरुवार
निघून जावं. बॅग भरली. जाणार कुठं? बहिऱ्या साउंडवाल्याला कोण विचारतं? बहिणीची ती खाट—

बॅग पुन्हा रिकामी केली. चोवीसला कांचो मेल्याचा चाळिसावा दिवस. चाळीस दिवस जीव आपल्या जागी रेंगाळतो, मग जातो. तो गेला की माझे कान परत येतील. येतीलच. दोनच दिवस काढायचे.

२३ मे
झ्लातिनाबाईंनी गेलेल्याच्या नावानं उकडलेले गहू आणून कपाटाशी ठेवले, साखर पेरून. वाइन जमिनीवर सांडली. ओठ हलत होते. मला काही—

तो त्या वेळीही विचारत होता. त्यांना नाही, मला.

दारावर नवा कागद लागला. चाळीस दिवस. तोच फोटो. मला आता कळतं तो मान कलती का करतो.

२४ मे, तीन वाजता
हॉल भरलाय. फुलांचे हार, शाळेची मुलं, नगराध्यक्ष पहिल्या रांगेत. गाणं झालं असावं, सगळ्यांची तोंडं एकदम उघडली आणि मिटली. देस्पिनाबाई वर बघून हसल्या. मीही हसलो.

ठरलंय: झ्लातिनाबाई वर येऊन वहीत लिहितील, आवाज आहे की नाही. वही कपाटावर ठेवलीय.

चार
सिनेमा सुरू. सगळी तोंडं पडद्याकडे. छान.

चार वाजून पाच
तोंडं वळली. सगळी माझ्या काचेकडे. नगराध्यक्ष घड्याळ बघतायत.

गेला.

तो सांगतो खालचा जोड. बरोबर. टाका निखळलाय. बंद करून टाका द्यायला वीस मिनिटं. वीस मिनिटं हे थांबणार नाहीत— तो म्हणतो, बंद करू नकोस. पक्कडीनं दाब, मुठीला रबर आहे.

दाबलाय. डाव्या हातानं.

तोंडं परत पडद्याकडे. म्हणजे आला. की कंटाळले? मुलं हसतायत. सिनेमाला की मला

दुसरा हात खिशात हवा. माहीत आहे. पण मग लिहू कोणत्या हातानं. वही लोखंडावर सरकते, मनगट टेकवून धरावी लागते

झ्लातिनाबाई दारात आल्यात. आत येत नाहीत. माझ्या हाताकडे बघतायत. रडतायत का

तो गप्प झालाय. पहिल्यांदाच. गेला वाटतं. आता काहीच नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही

बाई, या ना. लिहा. एवढंच लिहा

आवाज येतोय का
आवाज येतोय का
आवाज ये