अकराव्या मैलावरचा वावळ्याचा खुंट राहू देण्याबाबत

प्रति,
मेहेरबान ओव्हरसियर साहेब,
सडकेवरील झाडांचे खाते, धुळे.

अर्जदार : झुलाल वना, मैलकुली, राहणार पानखेडे, तालुके शिरपूर.

विषय : रोगट वावळ्यांचे सर्व खुंट उपटून जाळण्याच्या हुकमातून एक खुंट वगळणेविषयी.

संदर्भ : चावडीवर वाचून दाखविलेला हुकूम, ता. २ माहे एप्रिल सन १९३८.

महोदय,

१. अर्जदारास लिहिता येत नाही. सबब त्याच्या सांगण्यावरून हा अर्ज खाली सही करणारा पेन्शनर मास्तर लिहीत आहे. मास्तराने आजवर पुष्कळ अर्ज खरडले. झाडाच्या खुंटासाठी लिहिण्याची पाळी ही पहिलीच. साहेबांस हसू आल्यास खुशाल हसावे, मात्र हसून झाल्यावर पुढे वाचावे.

२. अर्जदार बावीस वर्षे सडकेचा अकरावा मैल राखतो. या मैलावर वावळ्याची चौसष्ट झाडे होती. ती रोपे असताना त्याची बायको झुंबरबाई भर उन्हाळ्यात नाल्यावरून घागरी आणून त्यांना पाणी घालीत असे. सन १९३५ च्या दिवाळीनंतर टोकाच्या एका झाडाची पाने पिवळी पडली आणि शेंडा वाळला. पुढे दीड वर्षात पाच गावांच्या हद्दीतले एकूण एक वावळे उभ्या उभ्या सुकले. पुण्याहून आलेल्या साहेबांनी साल सोलून खालचे किडे दाखविले, झाडे तोडविली, आणि रोग इतक्या झपाट्याने कसा पसरला याचा उलगडा होत नाही, असे लिहून नेले.

३. उलगडा अर्जदाराजवळ आहे, आणि तो इतके दिवस दडविला याची त्याला लाज वाटते. आमच्याकडे गावात पटकी किंवा देवी आली की मातेचा गाडा काढतात. लाकडाचा लहानसा गाडा, त्यात लिंबू, हिरव्या बांगड्या, आजाऱ्याच्या अंगावरचे फडके. तो वाजतगाजत शिवेवर नेऊन सोडायचा, आणि पुढच्या गावाने आपल्या शिवेपलीकडे ढकलायचा. पहिले झाड आजारी पडले तेव्हा अर्जदारास वाटले, झाडालाही माताच आली. म्हणून त्याने स्वतः वर चढून त्या झाडाची वाळकी फांदी तोडली, गाड्यात घातली, हळदकुंकू वाहिले, आणि आपल्या मैलातून एकेका धडधाकट वावळ्याखाली थांबत, ऊद जाळीत ओढत नेली. पुढच्या चारही गावांनी भक्तिभावाने तेच केले. किडे त्या फांदीच्या सालीत होते. साहेब, रोग वाऱ्याने गेला नाही हो! आम्ही त्याला गाड्यात बसवून, कुंकू लावून दारोदार पोचविला.

४. साल सोलली त्या दिवशी हा इसम घरी येऊन पडला, तो तीन दिवस अन्नाला शिवला नाही. "बठ्ठं पाप मन्हं शे," सारे पाप माझेच, एवढेच बोले. मास्तराने पुष्कळ समजूत घातली, पण व्यर्थ. मग गेल्या पावसाळ्यात शाळेसमोरच्या एका खुंटाला सात फुटवे आले, चांगले हिरवेगार. बाकी त्रेसष्ट खुंटांना काही नाही. तेव्हापासून अर्जदार जेवतो, माणसांत बसतो. झुंबरबाई या वयात पुन्हा घागर घेऊन नाल्यावर जाते. आणि आता हुकूम आला आहे की महिनाअखेर एकही खुंट जमिनीत राहता कामा नये.

५. हुकूम वेडगळ आहे असे मास्तर म्हणणार नाही. खुंटात रोग दबून राहू शकतो हे त्यास कळते, आणि अर्जदारासही आता कळते. तरी अर्ज असा की, हा एक खुंट तीन पावसाळे राहू द्यावा. तीन जमत नसतील तर एक. एकही जमत नसेल तर पुढच्या आठवड्यात साहेबांनी स्वतः येऊन फुटवे डोळ्यांनी पाहावेत आणि मग काय ते ठरवावे. येणेही जमत नसेल, तर खुंट खणण्याचे काम परक्या मजुरास न देता अर्जदारासच द्यावे. तो रडेल, पण मूळ शिल्लक ठेवणार नाही, याची हमी मास्तर देतो.

साहेबांच्या एका शब्दाची वाट पाहणारा,
झुलाल वना (डाव्या हाताचा अंगठा)

अर्ज लिहिणार : तोताराम जीवराम, पेन्शनर मास्तर, पानखेडे.
ता. ११ माहे एप्रिल सन १९३८

सोबत : काही नाही. फुटव्याचे एक पान नमुन्यादाखल जोडावे असे मास्तराच्या मनात होते. परंतु वावळ्याचा कोणताही भाग गावाबाहेर नेण्यास मनाई आहे, आणि अर्जदाराने पानाला हात लावू दिला नाही.

ता. क. : अंगठा घेतल्यावर अर्ज वाचून दाखविला, तेव्हा अर्जदाराने आणखी एक गोष्ट लिहावयास सांगितली. काल सकाळपासून सातांपैकी दोन फुटव्यांची पाने पिवळी पडू लागली आहेत. हे लिहिले तर अर्ज इथेच निकालात निघेल, असे मास्तराने त्यास स्पष्ट बजावले. तो लिहाच म्हणतो. पाच अजून हिरवे आहेत. त्या पाचांपुरता हा अर्ज चालू समजावा.