तेलाचा रकाना

५ जानेवारी, सोमवार
आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ त्याचा आकडा, ३.९. मला २.५ ते ३.५ मध्ये राहायचं आहे. वर गेला की रक्त जास्त पातळ, खाली आला की हृदयातल्या झडपेवर गुठळी. गेले पाच महिने नीट आत होता.

डॉ.: "नवीन औषध काही? सर्दीचं, आयुर्वेदिक?" नाही. "खाण्यात बदल?" नाही. रक्त पातळ करायची गोळी तीच, रात्री आठला, सहा वर्षं.

पुण्याच्या कॅलिब्रेशन लॅबचं नोकरीचं पत्र दाखवलं. २ मार्चला रुजू व्हायचं. फिटनेसच्या फॉर्मवर 'शस्त्रक्रिया' या ओळीत लिहिलं: मिट्रल झडप, धातूची. डॉ. म्हणाले, "सलग तीन रीडिंग रेंजमध्ये दाखव, मग सही करतो. दर सोमवारी ये." हातात सात सोमवार. त्यातला एक २६ जानेवारी.

आई बाहेर बाकावर होती.
"काय म्हणाले?"
"जरा वर आहे."
"मग पुण्याचं?"

७ जानेवारी, बुधवार
पाठ. डिसेंबरपासून. कमरेतली चकती किंचित बाहेर आली आहे, एमआरआयचं चित्र मी स्वतः तीनदा पाहिलं. अंबडच्या लॅबमध्ये दिवसभर ग्रॅनाइटच्या प्लेटवर वाकून मोजमापाचे गेज तपासायचे, वर स्कूटर. पेनकिलर चालत नाही. पॅरासिटामॉल, तीही डॉ. सांगतील तेवढीच. फ्रीजवर आईने लावलेली यादी आहे, तिच्या जि. प. शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात: 'चालणार नाही'. त्यात 'पेनकिलर'खाली तीन रेघा. माझ्या प्रत्येक औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची चिठ्ठी ती भिंग घेऊन वाचते. इंग्रजी अडलं की डिक्शनरी.

साडेसहाला तेल. मावशीने गावाहून, पेठहून पाठवलेला निर्गुडीचा पाला तिळाच्या तेलात कढवायचा, आजीची कृती. मानेपासून कमरेपर्यंत वीस मिनिटं, वर गरम पाण्याची पिशवी. आईचं बोट न विचारता दुखऱ्या जागेवर जातं. घरात याच वेळी आम्ही एकमेकींच्या इतक्या जवळ असतो.

आज म्हणाली, "पाठीतूनसुद्धा टिकटिक ऐकू येते गं झडपेची." मग थोड्या वेळाने, "पुण्यात पाठ कोण चोळणार?"
"फिजिओ असतात."
"सकाळी साडेसहाला? घरी येऊन?"
यंदाचं तेल मात्र चांगलं आहे. दुपारपर्यंत पाठ धरत नाही.

१२ जानेवारी, सोमवार
४.६.
दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा रक्त दिलं. ४.५. म्हणजे मोजणारं यंत्र बरोबर आहे, गडबड माझ्यात.

डॉ.नी गोळी कमी केली. पालेभाजी थोडी वाढवा म्हणाले. आई: "सहा वर्षं मेथी बेताने खा, आता वाढवून खा. डॉक्टर आहे की मंडईतला भाव?" रिक्षावाला हसला. मीही, थोडं.

वही काढली. गोळी, वेळ, पालेभाजी ग्रॅममध्ये, चहा, पाणी, पाळी, झोप. एकही रकाना हललेला नाही. आत जाणारं सगळं स्थिर, बाहेर येणारा आकडा सरकतोय. असं होत नसतं. काहीतरी मोजायचं राहिलं आहे.

१५ जानेवारी, गुरुवार
मांडीवर निळा डाग, पाच सें.मी. कुठे आपटल्याचं आठवत नाही. पेनने कडा आखून ठेवली.
अंबडच्या लॅबमधला शिरसाट: "मॅडम, सारखी वहीत नोंद, सारखी नोंद. स्वतःलाच एकदा कॅलिब्रेशनला टाका आणि स्टिकर लावून घ्या." चांगला मुलगा आहे. सांगितलं काहीच नाही.

१७ जानेवारी, शनिवार
डाग पेनच्या रेघेबाहेर सात मि.मी. ब्रश करताना हिरडीतून रक्त. मेथी रोज ऐंशी ग्रॅम खाते आहे, वजनकाट्यावर.

१९ जानेवारी, सोमवार
५.४. गोळी कमी करूनही.
डॉ.नी चष्मा काढला. "स्नेहल, खरं सांग. दोनदा घेतली जाते का गोळी? विसरून?" मी आठवड्याची डबी दाखवली. वही दाखवली. त्यांनी पानं उलटली, म्हणाले, "इतकी वही माझी नर्स ठेवत नाही." पण मला वाटतं, त्यांचा विश्वास बसला नाही. दोन दिवस गोळी बंद, डोकं आपटलं किंवा शौचातून काळं गेलं तर सरळ हॉस्पिटल. "पुणं सध्या विसर."

आईला सांगितलं. तिने माझ्या बॅगेचा बंद नीट केला. "नशिबात नसेल तर नसतं गं. इथे काय वाईट आहे?"
घरी आल्यावर तिने शिरा केला.

२२ जानेवारी, गुरुवार
तीन दिवस रजा. जिन्यावर कठडा धरून, बाथरूममध्ये रबरी चटई, विळीला हात लावायचा नाही. आई मला खोलीतून खोलीत नजरेने सोडते. तेल आता दोनदा, सकाळी आणि दुपारी. "घरीच आहेस तर बरं वाटू दे पाठीला."
बरं वाटतं. तेवढंच एक.

२५ जानेवारी, रविवार
पेठहून मावशी आली. नागलीचं पीठ, पाल्याची जुडी, आणि आल्या आल्या माझ्या डागाकडे बघून, "ह्ये काय, नवरा नाय तरी मार खाल्ला का काय?"
आई: "गप गं."

अकराला आईने तेल घेतलं. मावशी पलंगाच्या कडेला टेकली होती. एकदम म्हणाली, "आक्का, ह्ये कसलं तेल?"
"आपलंच. निर्गुडीचं."
"आपल्या तेलाला आसला वास नाय येत. ह्ये गोड येतंय. मंजनावानी."
आईचे हात थांबले. पालथी पडल्यामुळे चेहरा दिसला नाही.
"थोडं दुकानातलं घातलंय त्यात. लवकर गुण येतो."
मी विचारलं, "थोडं म्हणजे किती?"
"निम्मं."
"कधीपासून?"
"डिसेंबर. तू उठता-बसता कण्हत होतीस."
मावशी: "लय शानी तू. आईच्या तेलात दुकानाचं!" आणि हसली. तिला हे चहात पाणी घातल्यासारखं वाटलं.

उठून अंघोळ केली. दोनदा साबण. बाटली खोबरेलाची जुनी, लेबल नाही. आई सगळ्या बाटल्यांची लेबलं भिजवून काढते, डाळीच्या डब्यांचीसुद्धा. म्हणजे त्यात वेगळं काही नाही.

२६ जानेवारी, सोमवार
सुट्टी, दवाखाना बंद. कोपऱ्यावरचं मेडिकल उघडं होतं. बाटली नेली. दुकानदाराने वास घेतला, फळीवरून एक तेल काढून लेबलावर बोट ठेवलं: मिथाइल सॅलिसिलेट. "आई हेच नेतात, ताई. ॲस्पिरिनच्या घराण्यातलं. चमचाभर लावलं तर एकवेळ गोष्ट वेगळी. पण तुम्ही रक्त पातळ व्हायची गोळी घेता ना? पूर्ण पाठीला, वरून शेक? कातडीतून आत जातं हो सगळं. मला सांगायचं तरी."
आईने त्याला कोणासाठी ते सांगितलं नव्हतं.

सात रकाने आखले होते मी. पाण्याचे घोट मोजले. रोज वीस मिनिटं, नंतर चाळीस, माझ्या निम्म्या कातडीवर काय लागतंय, त्याला रकाना नाही. कारण ते 'बाहेरून'. कारण ते आईचं. शिरसाटने अशी नोंद आणली असती तर मी त्याच्या तोंडावर परत केली असती.

घरी आई म्हणाली, "बाहेरून लावायचं तेल. मला काय माहीत?" डोळ्यात पाणी. तिच्या हातांनाही तोच वास होता.

दुपारी आई मावशीला स्टँडवर सोडायला गेली. तिच्या कपाटात, शाळेच्या फाइलींमागे त्या तेलाची दोन खोकी. एकात चिठ्ठी. कंपनी यंत्रावर घडी घालते, ती एकदा उघडली की पुन्हा तशी बसत नाही. ही उघडून परत घातलेली आहे. आत, खालून चौथी ओळ: रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. इंग्रजीत. शब्द सोपे आहेत.
होतं तसं ठेवलं.
निरीक्षण एवढंच. निष्कर्ष काढलेला नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
डॉ.: "अरे देवा, तेल!" हसले, मग हसायचे थांबले. तेल बंद, असली सगळी मलमंसुद्धा बंद. आज ३.८. गोळी सुरू, पण कमी केलेलीच. साधा शेक चालेल. फिजिओकडे चिठ्ठी. "आता उतरेल. दुसऱ्या टोकाला जाऊ नये म्हणजे झालं."
चिठ्ठीचं त्यांना सांगितलं नाही. कपाटातल्या.

३० जानेवारी, शुक्रवार
आईने साडेसहाला येणं बंद केलं. गरम पाण्याची पिशवी दाराशी स्टुलावर ठेवते, टॉवेलात गुंडाळून, आणि जाते.
चहा घेताना:
"माझ्या कपाटात गेली होतीस?"
"हो. दोरा शोधत होते."
"सापडला?"
"नाही."
"पांढरा हवा होता का?"
"चालेल कुठलाही."
संध्याकाळी माझ्या टेबलावर दोऱ्यांचा डबा.

२ फेब्रुवारी, सोमवार
१.८.
तेल गेलं, गोळी कमीच राहिली, आकडा तळाला. आता गुठळीची बाजू. गोळी वाढवली, चार दिवस पोटात इंजेक्शन, सकाळ-संध्याकाळ. हात बधिर झाला, बोलताना जीभ अडखळली, झडपेचा आवाज बुजला तर तिथल्या तिथे निघायचं.
दिवसभर आवाज ऐकत बसले. इतकी वर्षं तो विसरायचा प्रयत्न केला. आई स्वयंपाकघरात पातेली आपटत नव्हती, तीही ऐकत होती बहुतेक.

५ फेब्रुवारी, गुरुवार
इंजेक्शन आई देते, शाळेच्या आरोग्य शिबिरात शिकली होती. सुई छान जाते तिची. टोचताना तोंड फिरवत नाही. मीच फिरवते.

९ फेब्रुवारी, सोमवार
२.७. तीनातलं एक.
पाठ वाईट. फिजिओने चार व्यायाम दिले, तिसरा जमत नाही. लॅबमध्ये उंच स्टूल मागितलं. शिरसाटने स्वतःचं दिलं: "राहू द्या मॅडम, आम्ही उभ्या जातीचे."

१६ फेब्रुवारी, सोमवार
३.१. दोन.
परत येताना आईने विचारलं, "तिथे खोली बघितलीस?"
"एक आहे. पहिल्या मजल्यावर."
"जिना?"
"बारा पायऱ्या."
"कठडा आहे ना?"
"विचारते."
रिक्षाबाहेर बघत म्हणाली, "तू ऑपरेशनला आत गेलीस तेव्हा सहा तास मी त्या बाकावर होते. बाबा तर नव्हतेच." मला वाटलं ती आता चिठ्ठीचं सांगेल. मी विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं. मी विचारलं नाही. विचारलं आणि ती 'हो' म्हणाली, तर मी २ मार्चला कुठे जाणार आणि कोणाकडून निघणार?

२० फेब्रुवारी, शुक्रवार
फ्रीजवरच्या यादीत नवी ओळ. 'चोळायचं दुकानी तेल, मलम.' अक्षर तेच, फळ्यावरचं. खाली तीन रेघा.
कपाट पाहिलं. खोकी नाहीत. टाकून दिली असतील, किंवा हलवली असतील.

२२ फेब्रुवारी, रविवार
सकाळी उठताच येईना. कुशीवर वळून, पाय खाली सोडून, फिजिओने सांगितलं तसं, तिसऱ्या प्रयत्नाला बसले.

साडेसहाला दार वाजलं. चार आठवड्यांनी. आईच्या हातात वाटी, त्यावर बशी.
"नुसतं खोबरेल आहे. कोमट केलंय. उद्या अशी वाकडी गेलीस तर रिक्षात चढणार कशी?"
वाटी माझ्या हातात दिली. मी बशी काढली आणि वास घेतला.

खोबरेलाचा. दुसरा कुठलाही नाही. पण वास घेऊन मान वर केली तेव्हा ती बघत होती. पदराला हात पुसले. हाताला अजून तेल लागलंच नव्हतं.

मी पालथी झाले. तिने बोट बरोबर त्याच जागी ठेवलं. खूप हलकं, पेपर तपासताना ओळीवर ठेवतात तसं. पाचेक मिनिटांनी म्हणाली, "ऐकू येतंय." मी हं म्हटलं. पुण्याचं कोणी काढलं नाही. शेक तिने विचारून दिला.

वहीत आता आठवा रकाना आहे, 'बाहेरून'. त्यात लिहिलं: ६.४०, खोबरेल. मग ते खोडलं आणि लिहिलं: ६.४०, खोबरेल, आईच्या सांगण्यावरून.

उद्या दहाला रक्त.