माझे घर आणि किटलीचे डोळे

लिहून ठेवते मी, वय वर्षे एकोणसत्तर, गायन आणि व्हायोलिन शिकवून पोट भरलेली, आता निवृत्त, डोळ्यांनी अंध, की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती तर माहेरच्यांना नको इतकी शाबूत आहे, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाखाली करत नाही. मी सांगते आहे, वकीलबाई लिहीत आहेत. "हे कायद्याच्या दृष्टीने अनावश्यक आहे," असे त्या मधेमधे म्हणतात. मरणार मी आहे, तेव्हा लिहावे. पूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, त्यात सर्व काही थोरल्या भावाच्या नावे होते. ते रद्द समजावे.

१. माझे राहते घर, खाली दोन खोल्या आणि वर शिकवणीची खोली, हे मी स्वकष्टाने घेतले आहे. ते माझ्यामागे माझ्या पुतण्याच्या बायकोला, जिला मी सूनबाई म्हणते, तिला मिळावे आणि तिच्यानंतर तिच्या मुलीला. मुलीला आम्ही किटली म्हणतो, कारण तान्हेपणी ती आधण आल्यासारखी शिट्टी मारत रडायची.

हे असे का, ते लिहिणे भाग आहे, कारण भाऊ कोर्टात जाईल आणि म्हणेल, म्हातारीला कोणीतरी भरीस घातले.

मी लहानपणी गात असे. वडील मला सभागृहांतून फिरवत, स्टुलावर उभी करत आणि आधी लोकांना सांगत की पोर आंधळी आहे. पहिला सूर लागण्याआधीच लोक नाक ओढू लागत. तेव्हा मला थोडा उजेड कळत असे. खिडकी कुठे आहे ते बोट दाखवून सांगता येई, दाराचा लाल पडदा ओळखू येई. पुढे तेही गेले. घरात म्हणाले, नशीब. मी ते खरे मानले आणि त्याच्यावरच सारे आयुष्य काढले.

किटली दीड महिन्याची असताना तिच्या बुबुळात पांढरे दिसते, हे सूनबाईच्या लक्षात आले. डॉक्टरांनी सांगितले, जन्मतःच मोतीबिंदू आहे, लगेच शस्त्रक्रिया करा, उशीर झाला तर नजर येणार नाही. त्या दिवशी मी भावाकडे होते. सगळे पुढच्या खोलीत बसले होते. भाऊ चहा पिता पिता म्हणाला, "एवढ्याशा जिवाला कापायची घाई कशाला? हिलाही हेच होतं. पाच वर्षांची होती तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करा, चालण्याफिरण्यापुरतं दिसेल. मी होतो ना बरोबर. बाबा म्हणाले, हिला दिसू लागलं तर हिचं गाणं ऐकायला कोण येणार? आणि काय बिघडलं? केवढं नाव झालं हिचं."

तो माझे कौतुक करत होता. वकीलबाई, हे नीट लिहा. त्याच्या मते ते माझे कौतुक होते.

मी कपबशी खाली ठेवली. पुतण्या, म्हणजे मुलीचा सख्खा बाप, गप्प बसला. मी सूनबाईला विचारले, पोर कुठे आहे. ती म्हणाली, मांडीवर. मी म्हटले, ऊठ, आत्ताच दवाखान्यात जायचे. भाऊ दारात आडवा आला. त्याचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. मी म्हणाले, "दादा, बाजूला हो. एका पोरीला तुम्ही दवाखान्यातून तशीच परत आणलीत, तेवढं पुरे झालं."

तो हटला. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. भावाने सुनेला निरोप धाडला की वडीलधाऱ्यांना विचारायचे नसेल तर या घरात पाऊल टाकू नको. तेव्हापासून मायलेकी माझ्याकडे राहतात. किटलीला जाड भिंगांचा चष्मा आहे. तो घालून ती वाचते, भांडते, माझ्या साडीवरचे डाग मला सांगते.

२. माझे व्हायोलिन माझ्या त्या शिष्येला द्यावे, जिला मी वर्गातून तीनदा हाकलले आणि जी तिन्ही वेळा भांडत परत आली. मला 'बिचाऱ्या' न म्हणणारी तेवढी एकच निघाली.

३. पुतण्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी आला, दारात उभा राहून रडला. आता तोही इथेच जेवतो. त्याला माझा लय मोजून टकटक करणारा मेट्रोनोम द्यावा. कुठल्या क्षणी तोंड उघडायचे असते, ते निदान आता शिकेल.

४. 'अंध बालगायिका' असे कोरलेल्या ढाली आणि पदके भंगारवाल्याला द्यावीत. वडिलांची तसबीर भावाने न्यावी. मला ती कधी दिसली नाही आणि त्याबद्दल आता हळहळ नाही.

५. संगीत विद्यालयाने माझ्या नावाची पाटी लावली आहे. तीत 'दृष्टिहीन असूनही' असे लिहिले आहे. माझे सहकारी, तबल्याचे मास्तर, ढेरपोटे असूनही उत्तम वाजवत. त्यांच्या पाटीवर ते लिहिलेले नाही. माझ्याही पाटीवरून ते शब्द खरवडून काढावेत.

६. किटलीला संगीत शिकण्याची सक्ती कोणीही करू नये. ती ठार बेसूर आहे. तिला पूल बांधायचे आहेत. बांधू द्यावेत.

७. थोरल्या भावाला मी काहीही ठेवत नाही. हे विसरून झालेले नाही. शोकसभेत त्याने माझ्याबद्दल एक शब्दही बोलू नये.

गेल्या महिन्यात तो आला होता. काठी टेकत जिना चढला. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलला. मग म्हणाला, "तुझ्या कागदात एवढं लिही की मला माफ केलंस. मी अकरा वर्षांचा होतो गं. बाबांपुढे माझं काय चालणार होतं?"

मी म्हटले, "माझ्या वेळी तू अकरा वर्षांचा होतास. किटलीच्या वेळी सहासष्टचा होतास."

सूनबाईने त्याला हात धरून जिना उतरवला.

तेव्हा वकीलबाई, असे लिहा. त्या अकरा वर्षांच्या मुलाला मी मनापासून माफ केले आहे. त्या सहासष्ट वर्षांच्या माणसाला माफ केलेले नाही, करणार नाही, आणि माझ्यामागे माझ्या वतीने कोणी करू नये.

वरील सर्व मजकूर वकीलबाईंनी मला दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. एक शब्दही सौम्य केलेला नाही, याची खात्री करून मी सही करत आहे. सही वाकडी आली तरी माझीच आहे.

सही : निवृत्त संगीत शिक्षिका

साक्षीदार : १. समोरचे चष्मेवाले. २. विद्यालयाच्या माजी मुख्याध्यापिका.

बुद्धी शाबूत असल्याचा दाखला : आमच्या घरच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी 'रक्तदाब वाढलेला' असेही लिहिले आहे. ते मला मान्य आहे.

ठिकाण : राहते घर, वरची खोली
दिनांक : अठरा नोव्हेंबर